आधी खुराडं, मग हवेली

मावशी, नमस्कार.

मी ३६ वर्षांचा. नोकरी हिंजवडीत, राहायला पिंपळे सौदागरला. घरात बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. मुलीला कासव हवं होतं, ते कसंबसं टाळलं आणि सहा आठवड्यांपूर्वी दोन गिनीपिग आणले. दुकानदार म्हणाला, बहिणी आहेत. नावं लाडू आणि चिवडा. त्याच दुकानातून दोन बाय दीड फुटाचा तारेचा पिंजराही घेतला. तो लहान आहे हे मलाही कळतं, म्हणून मी स्वतःच त्यांचं घर करायला घेतलं. तीन मजली, प्लायचं, वर-खाली जायला रॅम्प, समोर ॲक्रिलिकची खिडकी, आत एलईडी. ड्रिल, जिगसॉ, सँडर असं सगळं घेऊन झालं. पाच शनिवार-रविवार गेले. बाजू कापून झाल्यात, पण गुण्यात, म्हणजे काटकोनात, बसत नाहीत. शनिवारी सकाळी दोन तास काम करतो, कुठेतरी अडतं, मग जरा ब्रेक म्हणून स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम लावतो. 'अजून एकच दिवस' करत करत रविवारची संध्याकाळ होते.

बाल्कनीत प्लाय आणि भुसा पडून आहे. बायको म्हणते, तुला गेमचं व्यसन लागलंय. प्लाय भंगारात दे आणि प्राणी दुकानात परत करून ये. पिंजरा रोज तीच साफ करते, त्यामुळे मला फार बोलता येत नाही. मुलगी मात्र खूश आहे. लाडू तर तिच्या हातचं खाऊन चांगलीच गुबगुबीत झालीय. मी गेम बंद करू, की सुतारकामाचा नाद सोडू? दोन्ही जमेल असं वेळापत्रक असेल तर सांगा.

– अर्धवट सुतार

*

अर्धवट सुतारा,

वेळापत्रकाचं नंतर बघू. आधी लाडूला डॉक्टरकडे घेऊन जा. शनिवारची वाट बघू नकोस, उद्याच जा.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा 'गुबगुबीत'पाशी अडले. दुकानदाराने बहिणी म्हणून दिलेली जोडी, सहा आठवड्यांचा सहवास, आणि जाड झाली ती दोघींतली एकच. मी पशुवैद्य नाही, पण १९ वर्षं गिनीपिग पाळलेत. माझ्याकडे आलेली पहिली जोडी 'भाऊ' होती. त्या भावांपैकी एकाने दोन महिन्यांत तीन पिल्लं घातली. लहान गिनीपिगमधला नर-मादी भेद ओळखायला सरावलेली नजर लागते, आणि गल्ल्यावर बसलेल्या माणसाला ती असतेच असं नाही.

ती नुसतीच खाऊन जाड झाली असेल तर उत्तम, आपण हसू आणि सोडून देऊ. पण गाभण असेल तर तुझ्या हातात दिवस मोजकेच आहेत. गिनीपिगची मादी साधारण ५९ ते ७२ दिवस गाभण राहते. पिल्लं उंदरासारखी आंधळी-उघडी जन्मत नाहीत. डोळे उघडे, अंगावर केस, तोंडात दात, आणि पहिल्याच दिवशी तुरुतुरु पळतात. एवढी तयारी पोटातच होते, म्हणून आईला ते ओझं फार होतं. त्यात एक अडचण अशी की मादीचं पहिलं बाळंतपण सहा-सात महिन्यांच्या वयाच्या आत झालं नाही, तर तिच्या कमरेचा सांधा पक्का जुळतो आणि पिल्लं बाहेर येताना हवा तेवढा उघडत नाही. मग ऑपरेशनशिवाय गत्यंतर नसतं, आणि तेही दर वेळी यशस्वी होतं असं नाही. दुकानात बहुधा लहानच पिल्लं विकतात, त्यामुळे लाडूचं वय बसत असावं. तरी डॉक्टरला नक्की विचार. घरी पोट दाबून चाचपण्याचा उद्योग कुणी करू नये, मुलीलाही सांगून ठेव.

जाण्याआधी दवाखान्यात फोन करून विचार, 'गिनीपिग बघता का?' कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टर असतात, पण या प्राण्याचा त्यांना अनुभव असतोच असं नाही. आणि हा प्रश्न साधा नाही. आपण सर्दी-खोकल्याला सर्रास घेतो ते अमॉक्सिसिलिन गिनीपिगच्या पोटात गेलं तर आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, नको ते माजतात आणि प्राणी दगावतो. पेनिसिलीनच्या घराण्यातल्या औषधांचं हे असं आहे. घरातल्या गोळीचा तुकडा करून देण्याचा मोह कुणालाही कधीही होऊ देऊ नकोस.

चिवडा नर निघाला तर त्याला त्याच दिवशी वेगळं करायचं. बाळंतपण होईपर्यंत थांबायचं नाही, कारण पिल्लं झाल्यावर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. वेगळं करायचं म्हणजे दुसऱ्या खोलीत डांबायचं नाही. मध्ये जाळी घालायची, म्हणजे एकमेकांना दिसतील, वास येईल, कुरकुर करता येईल. हे कळपाने राहणारं जनावर आहे. स्वित्झर्लंडने २००८ सालच्या नियमांत गिनीपिग एकटा ठेवायला चक्क मनाई केली, ती याचसाठी. नंतर अनुभवी डॉक्टरकडून चिवड्याची नसबंदी करून घेता येईल, पण त्यानंतरही चार-सहा आठवडे तो धोक्याचाच असतो. पिल्लांत नर असतील तर तीन आठवड्यांचे झाल्यावर त्यांनाही आईपासून काढायचं. होय, तीनच आठवडे. गिनीपिगच्या घरात नातीगोती कुणी बघत नाही.

आता घराचं.

तुझी हवेली मला डोळ्यांसमोर दिसली, आणि दिसल्यावर पहिला विचार आला की हे तीन मजले नेमके कुणासाठी आहेत? गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा, गवतातून वाटा काढत पळणारा. त्याला चढाउतारीची हौस नाही. पाय आखूड, अंग लांबट आणि जड, पाठीचा कणा नाजूक. खाली किती खोल आहे याचा अंदाज त्याला नीट येत नाही, आणि दीड फुटावरून पडला तरी मोडतो. मजले आवडतात ते पांढऱ्या उंदरांना. गिनीपिगला हवी सलग जमीन, एका टोकाला दचकला तर दुसऱ्या टोकापर्यंत सुसाट पळत जाता येईल एवढी. दोघांना कमीत कमी साडेसात चौरस फूट लागते, जास्त असेल तर फारच छान. तुझा आत्ताचा पिंजरा तीन चौरस फुटांचा आहे. त्याचा तळही तारेचाच असेल तर आज रात्रीच त्यावर पुठ्ठा आणि वर जाड टॉवेल घाल. तारेवर उभं राहून तळपायाला जखमा होतात आणि त्या चिघळल्या की महिनोन्महिने बऱ्या होत नाहीत.

प्लायही या कामाला वाईटच. हा प्राणी दिवसभर मुतत असतो, आणि कापलेल्या कडेतून प्लाय ते मूत पितो. दोन महिन्यांत फुगेल आणि असा वास मारेल की तुझी बायको प्राण्यांना नाही, तुला परत करेल. ॲक्रिलिकने हवा कोंडते. एलईडीबद्दल काही बोलत नाही. आणि बाल्कनीतला तो भुसा अंथरूण म्हणून वापरायचा विचार मनात आला असेल तर काढून टाक. प्लायमध्ये डिंक असतो, त्याची बारीक धूळ या प्राण्यांच्या फुप्फुसात गेली की श्वासाचे आजार होतात. सरळ कचऱ्यात दे.

मी तुझ्या हौसेची चेष्टा करत नाही. हौस चांगली आहे, राहू दे. फक्त तीन मजले ही तुझी गरज आहे, लाडू-चिवड्याची नाही, एवढं कबूल कर. पाच आठवडे अडलंय ते इथेच.

गेमकडे येते. माझा भाचा तोच गेम खेळतो. दिवाळीत चार दिवस माझ्याकडे होता, तेव्हा मी शेजारी लसूण सोलत बसून तो बघितला. छान आहे. एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसाने चार-साडेचार वर्षं खपून केलेला, २०१६ साली आलेला. म्हणजे घरात बसून एकट्याने अर्धवट राहिलेलं काम पुरं करणाऱ्याचंच ते शेत आहे, हे आधी लक्षात घे! त्यात कोंबड्यांचं खुराडं कसं बांधतात ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. रॉबिन नावाच्या सुतारणीला ४,००० नाणी, ३०० लाकडं आणि १०० दगड द्यायचे, तीन दिवसांत खुराडं उभं. गेममधला एक दिवस सकाळी सहाला सुरू होतो आणि फार तर रात्री दोनला संपतो. आपल्या घड्याळात तो जेमतेम १४ मिनिटांचा. म्हणजे पाऊण तासाच्या आत काम फत्ते, तेही गुण्यात. पुन्हा गेम सेव्ह होतो तो दिवस संपून झोपल्यावर. झोपून उठलं की बाहेर पाऊस, नाहीतर पीक तयार. मग 'अजून एकच दिवस' होणारच. शनिवारी सकाळी वाकडी कापलेली फळी हातात घेऊन बसलेल्या माणसाला याहून मोठा दिलासा कुठला? तू आळशी नाहीस रे. तुला काहीतरी पुरं झालेलं बघायचं असतं, आणि ते दुसऱ्या खोलीत १४ मिनिटांत मिळतं.

पण दोन गोष्टी बघ. एक, त्या गेममध्ये कोंबड्यांना खायला घालायचं राहिलं तर त्या रुसतात, अंडी देत नाहीत, पण उपाशी मरत नाहीत. तुझ्या घरात उलट आहे. गिनीपिगचं पोट सतत चालतं राहावं लागतं. त्याने बारा तास काही खाल्लं नाही तर त्याच रात्री डॉक्टर गाठायचा असतो. 'सोमवारी बघू' हे त्याच्यासाठी फार उशिराचं असतं.

दुसरी गोष्ट मला जास्त गमतीची वाटली. रॉबिन तुला एकदम डिलक्स खुराडं बांधून देते का? नाही ना. आधी साधं खुराडं, मग मोठं, मग डिलक्स. दर वेळी नवी लाकडं, नवी नाणी. मधल्या काळात कोंबड्या साध्यातच राहतात आणि अंडी देतात. गेममध्ये तू हा नियम निमूट पाळतोस. बाल्कनीत मात्र थेट डिलक्सला हात घातलास, आणि तो होईपर्यंत कोंबड्या तीन चौरस फुटांत.

तेव्हा या शनिवारी साधं खुराडं बांध. तीन तासांचं काम आहे, चहा धरून.

फ्लेक्सच्या बोर्डाची छपाई करतात त्या दुकानात जा आणि सनपॅकची एक कोरी शीट माग, आठ बाय चार फुटांची, चार-पाच एमएम जाड. निवडणुकीत खांबाखांबावर लटकतात ना, तेच पोकळ नळ्यांचं प्लॅस्टिक. हलकं, धुता येतं, मूत पीत नाही. त्यातून सात फूट बाय साडेतीन फुटांचा तुकडा काढ. चारही कडांपासून सहा इंच आत रेघ मार. त्या रेघेवर कटर असा फिरव की वरचाच पापुद्रा कापला जाईल, खालचा शाबूत राहील. कोपऱ्यात सहा इंचाचा एकेक छेद दे, कडा उभ्या दुमड, कोपरे एकावर एक चढवून बाहेरून चिकटपट्टी लाव. आतून लावलीस तर ते कुरतडून खातील. झाला सहा बाय अडीच फुटांचा ट्रे. पंधरा चौरस फूट, सलग.

भोवतीने जाळी हवी. हार्डवेअरच्या दुकानात अर्ध्या इंची वेल्डमेश मिळते. लोक ऑनलाइन मिळणारे चपलांच्या रॅकचे चौकोन जोडूनही करतात, मीही केलंय, पण त्यांच्या भोकांतून नवजात पिल्लू आरपार जातं. लाडूचा निकाल लागेपर्यंत अर्धा इंचच बरी. रोल तीन फुटी असेल तर अकरा फूट घे. त्यातल्या साडेआठ फुटाच्या दीड-दीड फूट रुंदीच्या दोन पट्ट्या कापून घे, प्रत्येक पट्टी एकदा काटकोनात वाकव, आणि दोन्ही पट्ट्या ट्रेभोवती उभ्या करून समोरासमोरच्या कोपऱ्यांत केबल टायने बांध. उरलेल्या अडीच फुटांतून मधला पडदा निघतो. तो मधोमध लावलास की दोन्ही बाजूंना बरोबर साडेसात-साडेसात चौरस फूट, एकीकडे लाडू, दुसरीकडे चिवडा. दोघी खरोखरच बहिणी निघाल्या तर पडदा काढून टाक. जाळीची कापलेली टोकं कानशीने घास, नाहीतर वरून बागेचा जुना पाइप उभा चिरून बसव. मुलीचे हात सारखे आत-बाहेर होणार आहेत. वर झाकण नको. हे उड्या मारणारं जनावर नाही, आणि घरात मांजर असल्याचं तू लिहिलेलं नाहीस.

खाली जुने टॉवेल, वर फ्लीसचं पांघरूण. फ्लीस आधी दोन-तीनदा धुऊन घे, म्हणजे पाणी खाली झिरपू देतं. कपडे मऊ करणारं ते सुगंधी द्रव त्यात घालायचं नाही. दोघांना दोन लपायच्या जागा, दोन्हींना दोन-दोन दारं, नाहीतर एक जण दारात बसून दुसऱ्याला कोंडतो. पार्सलचे खोके उपडे घातलेस तरी पुरे. आठवड्याने खाऊन संपतील, नवे घाल.

खुराडं हॉलमध्ये ठेव, बाल्कनीत नको. १८ ते २४ अंशांत हे प्राणी मजेत असतात, सत्तावीस-अठ्ठावीसच्या पुढे त्रास सुरू होतो. त्यांना घाम येत नाही. पुण्यातला एप्रिल तुला सांगायला नको. तेव्हा फ्रीझरमध्ये पाण्याची बाटली गोठवून, टॉवेलात गुंडाळून आत ठेवायची, टेकून झोपतात बिचारे. आणि तुझ्या कॉम्प्युटरच्या स्पीकरपासून लांब. आपल्याला २० किलोहर्ट्झच्या वरचं काही ऐकू येत नाही, यांना ५०पर्यंत येतं. फ्रीजमध्ये कोथिंबिरीची पिशवी सळसळली तरी आतल्या खोलीतून 'वीऽक वीऽक' सुरू होतं, तुमच्याकडेही होत असेल. खेळताना हेडफोन लाव.

खाण्याचं तू काही लिहिलं नाहीस, म्हणून थोडक्यात. गवत दिवसरात्र समोर हवं, कारण दात जन्मभर वाढत असतात आणि ते झिजवायला गवतच लागतं. परदेशी टिमोथी महाग पडतं. जवळपास हरळी मिळत असेल तर तीच, आपली गणपतीची दूर्वा, फवारणी न केलेली, कुत्री फिरत नाहीत अशा जागची. सावलीत वाळवलीस तर साठवताही येते. गोठेवाल्यांकडे लसूणघास (ल्युसर्नचा चारा) मिळते, ती गाभणीला आणि पिल्लांना चांगली. पण मोठ्यांना रोज दिली तर तिच्यातल्या कॅल्शियमने मूतखडे होतात. आणि रोज सिमला मिरचीचा एक जाड काप. आपल्यासारखंच या प्राण्याचं शरीर क जीवनसत्त्व तयार करत नाही. दिवसाला १० ते ३० मिलिग्रॅम लागतं, गाभणीला त्याहून थोडं जास्त. कांदा, लसूण, बटाटा बिलकूल नाही.

आता बायको. ती गेमबद्दल बोलत असली, तरी मला तुझ्या पत्रात खुपलं ते दुसरंच वाक्य: 'पिंजरा रोज तीच साफ करते.' सहा आठवडे रोज ती लेंड्या भरतेय, आणि तू तिला दर शनिवारी एलईडीचं स्वप्न दाखवतोयस. तिच्या जागी मी असते तर मीही व्यसनच म्हटलं असतं, चीड काढायला तो शब्द सोयीचा पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगांच्या यादीत गेमच्या व्यसनाची नोंद केली आहे, ती २०२२पासून लागू झाली. पण त्यात नुसते तास मोजत नाहीत. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान दिसत असूनही माणूस थांबत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं, तेव्हा तो शब्द वापरतात. तुझं तिथपर्यंत गेलेलं मला दिसत नाही. नोकरी चाललीय, लपवाछपवी नाही, उलट सगळं मला लिहून मोकळा झालायस. पण पुढे कधी चोरून खेळावंसं वाटलं, किंवा रात्री दोन वाजता उठून लावलास, तर मावशीला पत्र लिहू नकोस, डॉक्टरकडे जा.

सोमवारपासून सकाळची सफाई तुझी. ऑफिसला निघण्याआधी पंधरा मिनिटं: ओले टॉवेल काढ, लेंड्या झाड, पाणी बदल, गवत घाल. तिला आधी सांगू नकोस की मी करणार आहे. सरळ कर. महिनाभर केलंस की मग गेमबद्दल बोल, तेव्हा ती ऐकेल. आणि दुकानात परत करण्याचं बोलणं तिचं रागातलं असावं, पण खरंच झेपणार नसेल तर आत्ताच ठरवा. हे प्राणी पाच ते आठ वर्षं जगतात, म्हणजे मुलीच्या दहावीपर्यंत तुमच्या हॉलमध्ये असणार. द्यायचेच असतील तर ओळखीतल्या चांगल्या घरी द्या. गाभण मादी दुकानाच्या पिंजऱ्यात परत टाकू नका.

बरं, वेळापत्रक मागितलं होतंस. शनिवारी सकाळी मुलीने दोघांचं वजन करायचं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर, वाडग्यात बसवून, आणि वहीत लिहायचं. मोठा झालेला गिनीपिग साधारण ७०० ते १,२०० ग्रॅम भरतो. आजारी पडला तर आधी वजन उतरतं, बाकीचं नंतर दिसतं. मग खोल सफाई, तुझी. मग दुपारपर्यंत सुतारकाम. गेम रात्री जेवणानंतर, आणि तासांत मोजायचा नाही, दिवसांत मोजायचा. चार दिवस म्हणजे तास भरतो. बसण्याआधी कागदावर 'चार' लिहून ठेव आणि चौथ्या रात्री झोपून गेम सेव्ह झाला की उठ. मध्येच बंद करायला सांगितलं तर तुला जमणार नाही, मी भाच्याला बघितलंय.

सुतारकाम कसलं म्हणशील, तर त्याच प्लायचं. घर नाही, त्या ट्रेखाली ठेवायचं दीड फुटी टेबल. खालच्या कप्प्यात गवत, टॉवेल, वाडगी राहतील आणि साफ करताना कंबर मोडणार नाही. इथे प्लाय चालतो, कारण वर सनपॅक आहे. तुझ्या बाजू गुण्यात का बसत नाहीत ते सांगते. माझे वडील सुतार होते, त्यामुळे हे डॉक्टरकीपेक्षा मला बरं कळतं. जिगसॉचं पातं बारीक असतं, जाड प्लायमध्ये ते वाकतं आणि रेघ सोडून भरकटतं. लांब सरळ काप त्याने हातावर मारायचाच नसतो. एक सरळ पट्टी क्लॅम्पने घट्ट बांधून तिच्या कडेने मशीन चालव, नाहीतर प्लायवाल्याकडेच नेऊन मोठ्या मशीनवर कापून आण. पुष्कळ प्लायवाले थोडे पैसे घेऊन कापून देतात. जोडल्यावर चौकट सरळ आहे का बघायला दोन्ही कर्ण मोज. सारखे आले तर गुण्यात आहे. नाही आले तर स्क्रू आवळण्याआधी लांब कर्णाच्या कोपऱ्यांवर ठोक. टेबल व्हायला दोन महिने लागले तरी चालतील, मध्ये चार रविवार गेम खेळलास तरी कुणाचं काही अडणार नाही. खुराडं उभं असेल.

कासव टाळलंस ते एक फार बरं केलंस. दुकानांत चोरून विकतात ते चांदणी पाठीचं कासव वन्यजीव कायद्याने पाळताच येत नाही. आपल्याकडचा हिरवा पोपटसुद्धा नाही, हे कित्येक घरांत अजून माहीत नसतं.

डॉक्टर काय म्हणाले ते मात्र लगेच कळव. चिवडा नर निघाला तर मुलीला सांग, नाव बदलायची गरज नाही, चिवडा मराठीत पुल्लिंगीच आहे. लाडूही पुल्लिंगीच, पण ते तिने आधीच चालवून घेतलंय.

– मावशी